डोंबिवली: वर्गणीतून उभं राहिलेलं शहर

मागच्या दोन-तीन भागांनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, "तू सारखं डोंबिवली डोंबिवली करतोस, एकदा नीट सांग तरी तिथे आहे काय." तर आज तेच. रात्रीचे साडेअकरा झालेत, खिडकी उघडी आहे, मध्ये रिक्षाचा हॉर्न ऐकू येईल. तो मी एडिट करणार नाही.

आणखी एक कारण आहे. लग्न ठरलंय आणि सहा महिने झाले, मी घर बघतोय. घर बघायला लागलं की माणूस स्वतःच्याच गावाकडे पाहुण्यासारखा बघतो. कुठे पाणी किती वाजता येतं, स्टेशनला चालत किती मिनिटं, शाळा कुठली, हॉस्पिटल कुठलं. अठ्ठावीस वर्षं इथे राहून मी हे प्रश्न कधी विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी थोडा इतिहास, कंटाळा येऊ देणार नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पुढच्याच वर्षी, १८५४ ला, रूळ कल्याणपर्यंत आले. म्हणजे डोंबिवलीच्या अंगावरून गाडी गेली तेव्हा इथे शहर नव्हतंच. भाताची शेतं, एका बाजूला उल्हास नदीची खाडी, आणि आयरे, कोपर, पाथर्ली, ठाकुर्ली अशी आगरी-कोळ्यांची गावं. शहर म्हणाल तर कल्याण. बंदर, दुर्गाडी किल्ला, व्यापार, सगळं तिकडे. डॉ. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ चा, तोही कल्याणचा. कल्याणचे लोक अजून आम्हाला यावरून टोमणे मारतात, आणि मारू देत, त्यांचा हक्क आहे.

पुढे गिरगाव, दादरकडच्या जागा महाग आणि लहान व्हायला लागल्या तशी मराठी नोकरदार माणसं रुळाच्या कडेने सरकत सरकत इकडे आली. चाळी, बैठी घरं, मागे विहीर. ठाकुर्लीला रेल्वेने वीज तयार करायला चोळे पॉवर हाऊस बांधलं, ते बंद होऊन आता काही दशकं झाली. १९६४ मध्ये एमआयडीसी आली. १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरांची मिळून लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. आज किती असेल याचा अंदाज सकाळी आठ वाजता फलाटावर उभं राहून तुम्हीच घ्या.

आता मला जे खरं सांगायचंय ते. डोंबिवलीची ओळख म्हणून ज्या गोष्टी आपण छातीठोक सांगतो ना, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट लोकांनी स्वतः उभी केलीय. वर्गणी काढून, सतरंज्या उचलून, रात्री मीटिंगा घेऊन. आणि ज्या गोष्टी लोकांना वर्गणीतून करता येत नाहीत, ज्याला कुठल्यातरी ऑफिसातली सही आणि शिक्का लागतो, तिथे आपला लोच्या झालाय. माझं हे मत आहे, पटलं नाही तर सांगा.

गणपती मंदिर घ्या. फडके रोडच्या टोकाला. संस्थान १९२४ चं, गावकऱ्यांनी उभं केलेलं. याच मंदिराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याला स्वागतयात्रा काढली. ढोल, लेझीम, चित्ररथ, नऊवारी नेसून बाईकवर बसलेल्या ताया, हे सगळं आज तुम्ही गिरगावात बघता, ठाण्यात बघता, रील्सवर तर मुंबईचंच म्हणून बघता. सुरुवात इथून झाली. मी पहिल्यांदा यात्रेत गेलो ते बाबांच्या खांद्यावर बसून, आणि नंतर कॉलेजात असताना ढोल-पथकात होतो, तेव्हा आठ दिवस हाताची बोटं कीबोर्डवर नीट चालत नसत.

फडके रोडचं एक वेगळंच प्रकरण आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून या एका रस्त्यावर उभी राहते. कुणी बोलावत नाही, कार्यक्रम नाही, तिकीट नाही. नुसतं उभं राहायचं, भेटायचं, बघायचं, दिसायचं. बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी फजिती होते. "पण तिथे असतं काय?" "आम्ही असतो." यापलीकडे उत्तर नाही. किती लग्नं तिथे जमली असतील देवाला माहीत. माझं नाही जमलं, माझं ऑफिसात जमलं.

मग पुस्तकं. फ्रेंड्स लायब्ररी १९८६ पासून आहे, घरपोच पुस्तकं द्यायची पद्धत त्यांच्याकडे आहे, आणि त्यांचं पुस्तक आदान-प्रदान भरतं तेव्हा लोक पिशव्या भरभरून जुनी पुस्तकं आणतात आणि दुसऱ्यांची घेऊन जातात. शं. ना. नवरे इथलेच. 'गुंतता हृदय हे' लिहिणारा माणूस आपल्याच शहरात भाजी घ्यायला बाहेर पडतो, हे आईच्या पिढीला काही विशेष वाटायचं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं, सावळाराम महाराज क्रीडा संकुलात. यजमान होते आगरी युथ फोरम. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण "डोंबिवली म्हणजे सांस्कृतिक नगरी" असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर टिळकनगर आणि रामनगर येतं, पण ज्यांच्या शेतांवर हे टिळकनगर-रामनगर उभं राहिलं त्यांनी ते संमेलन घरी बोलावलं होतं.

शाळा, व्यायामशाळा, सेवा मंडळं, रक्तदान, वनवासी भागात जाणारे ग्रुप, ही यादी लांबेल. क्रिकेटही. अजिंक्य रहाणे इथेच वाढला, किट खांद्यावर टाकून लोकलने मुंबईला जाऊन खेळला. सांगायचा मुद्दा, जिथे माणसं जमून काम होतं तिथे हे गाव पहिलं.

आता दुसरी बाजू. लोकलपासून सुरू करू.

सीएसएमटी ते डोंबिवली ४८ किलोमीटर. फास्टने तास-सव्वा तास. हे अंतर माझ्या बाबांनी तीस वर्षं रोज दोनदा कापलं. त्यातली बरीच वर्षं चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर अर्धी मांडी टेकून. २००५ मध्ये 'डोंबिवली फास्ट' सिनेमा आला, निशिकांत कामत यांचा. त्यातला माधव आपटे बँकेत नोकरी करणारा, साधा, आणि एक दिवस त्याचं डोकं फिरतं. बाबांनी तो बघितला आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "याला विंडो सीट मिळाली असती तर पिक्चरच झाला नसता." हसलो आम्ही, पण खरं आहे ते.

१८ फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. कित्येक वर्षं वाट बघितली होती. तेव्हा ३६ नव्या फेऱ्या मिळाल्या, त्यातल्या ३४ एसी. मला स्वतःला एसी लोकल आवडते, पास परवडतो, लॅपटॉप भिजत नाही. पण जो साध्या पासवर जातो त्याच्या हिशोबात किती फेऱ्या वाढल्या? दोन. मग ९ जून २०२५. सोमवार, सकाळची वेळ, दिवा-मुंब्र्याच्या मध्ये वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. काहींचा जीव गेला. त्या दिवशी मी घरून काम करत होतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळभर एकच मेसेज फिरत होता, "पोचलास का?" "पोचलो." "पोचले." एकेक करत सगळ्यांचे आले. एक काका फोन सायलेंटवर ठेवून विसरले होते, त्यांचा पावणेबारापर्यंत आला नाही. तेवढा वेळ त्यांच्या घरात काकू आणि माझी आई नुसत्या बसून होत्या.

मग एमआयडीसी. १९६४ मध्ये कारखाने आले तेव्हा आजूबाजूला वस्ती नव्हती. केमिकल, रंग, कापडाचं प्रोसेसिंग. मग वस्ती सरकत सरकत भिंतीला भिंत लावून उभी राहिली. त्यामुळे "कारखाने हटवा" म्हणताना मी थोडा अडखळतो, आधी ते आले होते आणि तिथे काम करणारे पण आपलेच लोक आहेत. पण मधली मोकळी जागा कुणी सांभाळायची होती? त्याचं उत्तर मिळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला. देशभर मीम्स झाले, आम्हीही फॉरवर्ड केले.

२६ मे २०१६, गुरुवार. माझी बीटेकच्या पहिल्या वर्षाची सुट्टी. आम्ही गोग्रासवाडीत राहतो, एमआयडीसी लांब नाही. सकाळी साडेअकराच्या सुमाराला असा आवाज झाला की मला वाटलं वरचा स्लॅब पडला. किचनच्या खिडकीची काच ओट्यावर, आईने नुकत्याच मळलेल्या कणकेत. आई तेव्हा देवघरात होती म्हणून वाचली. एका केमिकल कंपनीत स्फोट झाला होता, बारा जण गेले, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४, पुन्हा गुरुवार, पुन्हा मे. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये, आणि घर हललं. दुसऱ्या कंपनीत स्फोट. मॅनेजर बंगळुरूला, तो विचारतोय, "इज एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, "हो, इकडे होतं असं." बोलून गेलो आणि मग माझं मलाच विचित्र वाटलं. आठ वर्षांत मी "होतं असं" म्हणायला शिकलो होतो.

दोन्ही वेळेला धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. आईने २०१६ नंतर खिडकीला काचेऐवजी ॲक्रिलिक लावून घेतलं. तिची उपाययोजना अजून टिकून आहे.

आणि आता घर. इथे मी जरा सावकाश बोलतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या उपयोगाचं आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. झालं असं होतं की महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट बनवल्या गेल्या, आणि त्या बनावट कागदांवर महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवला गेला. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल: फॉर्मवर पीडीएफ अपलोड करा म्हटलं, युजरने पीडीएफ अपलोड केली, सिस्टीमने फाईल आली का एवढंच बघितलं, आत काय आहे ते ज्याच्या नावाने ती निघालीय त्याला विचारलंच नाही. आपल्याकडे असा कोड रिव्ह्यूत कुणी पास करणार नाही. नंतर महारेराने परवानग्यांची महापालिकांकडून खातरजमा करायला सुरुवात केली. पण तोपर्यंत लोक राहायला गेले होते. बँकांची कर्जं होती, आधार कार्डावर पत्ता होता, दारावर नावाच्या पाट्या होत्या.

माझा एक शाळेतला मित्र त्या ६५ पैकी एका इमारतीत राहतो. नाव नाही सांगत. त्याने काय चुकीचं केलं? रेरा नंबर बघितला. बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद तपासले असतील असं धरलं. रजिस्ट्रेशन केलं, स्टॅम्प ड्युटी भरली. आपण सगळे हेच करतो. आता गेटवर नोटीस, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. जे पाडायचंय त्याचा हप्ता.

त्याच्यामुळे मी कागद वाचायला शिकलो. वकिलाकडून जमिनीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सातबारा, बिनशेती आदेश. बांधकाम परवानगी, म्हणजे सीसी, त्यावरचा नंबर आणि तारीख घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि ही तुमचीच का म्हणून विचारायचं. एका फेरीत उत्तर मिळत नाही, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. मंजूर नकाशात मजले किती आणि समोर उभे किती ते मोजायचे, हो, खाली उभं राहून बोटाने मोजायचे. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. बिल्डरच्या माणसाने "कागद क्लीन आहेत सर" म्हटलं की मी आता हसून म्हणतो, "छान, मग झेरॉक्स द्या." दोन ठिकाणी झेरॉक्स मिळाली नाही. तिथेच विषय संपला.

हे सगळं शिकल्यावर उत्साहाच्या भरात मी आमच्याच घराची फाईल काढली. बाबांनी १९९४ मध्ये घेतलेलं वन रूम किचन. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून इथे आलो तेव्हा आजी म्हणे पहिला आठवडाभर किचनमध्ये एकटीच बसायची, स्वतंत्र किचन म्हणून. तर फाईलमध्ये करारनामा आहे, पावत्या आहेत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे. ओसी नाही. जमीनसुद्धा अजून सोसायटीच्या नावावर नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्या वेळी कुणाकडेच नव्हती रे." आणि पेपर वाचायला लागले. दहा मिनिटांनी पेपरमागूनच म्हणाले, "पाडतील का?"

नाही पाडणार, बहुतेक. दंड भरून नियमित करून घ्यायचा मार्ग असतो, पुनर्विकासाच्या वेळी प्रश्न येईल. मी त्यांना तसं समजावलं. पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांचा पैसा या माणसाने ज्या भिंतींत घातला, त्याबद्दल त्याने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

हे असं का झालं, याचं एक उत्तर कारभाराच्या घोळात आहे. आजूबाजूची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत घेतली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये परत घेतली. मधल्या काळात परवानगी कुणाची, रस्ता कुणाचा, गटार कुणाचं? कधी ग्रामपंचायत, कधी एमएमआरडीए. जिथे कुणाचंच लक्ष नव्हतं तिथे मजले चढले. आणि नगरसेवक म्हणाल तर, मी अठरा पूर्ण झाल्यावर पहिलं मत दिलं ते २०१५ च्या महापालिका निवडणुकीत. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपली. महापालिकेसाठी माझं दुसरं मत जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक. नळाला पाणी नाही आलं तर फोन कुणाला करायचा, हा प्रश्न आमच्या सोसायटीने पाच वर्षं व्हॉट्सॲपवर एकमेकांना विचारला.

सगळंच रडगाणं नको. चांगलं पण झालंय. कोपरचा पूल दोन वर्षं बंद होता, तेव्हा पूर्वेकडून पश्चिमेला जाणं म्हणजे परदेशवारी, तो २०२१ मध्ये नवा होऊन उघडला. मोठागाव-माणकोली पुलामुळे ठाण्याला जाताना शिळफाट्याचा किंवा दुर्गाडीचा वळसा वाचतो. कल्याण-शीळ रोडवर मेट्रोचं काम चालू आहे, धूळ खातोय आम्ही. सावित्रीबाई फुले कलामंदिरात रविवारी नाटकाचं तिकीट मिळवायला अजून धडपडावं लागतं, आणि हे वाईट नाही. मोठं आजारपण आलं की मात्र लोक ठाणे किंवा मुंबईची गाडी बघतात. शेअर रिक्षाबद्दल मी काही बोलणार नाही, मला उद्या सकाळी त्याच लाईनीत उभं राहायचंय.

तर मी घर कुठे घेतोय? होणारी बायको ठाण्याची. ती म्हणते, "तू हे सगळं सांगतोस आणि वर तिथेच घर बघतोस?" तिचं बरोबर आहे. मी दोन्हीकडचे आकडे एका शीटमध्ये टाकलेत, ईएमआय, प्रवास, पाणी, सगळं. ठाण्यात जेवढ्यात वन बीएचके तेवढ्यात इथे टू बीएचके, आणि आई-बाबा चालत दहा मिनिटांवर. शीटमध्ये एक कॉलम मी "फडके रोड" नावाचा केला होता, त्यात काय भरायचं ते कळेना, म्हणून रिकामा ठेवलाय. सध्या ठाकुर्लीला एक इमारत बघितलीय, ओसी आलेली आहे, मी नंबर घेऊन महापालिकेत दोनदा जाऊन आलोय, तिसरी फेरी मंगळवारी.

आणि तो मित्र. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. इमारतीतल्या लोकांनी वर्गणी काढून वकील केलाय, दर रविवारी गच्चीवर मीटिंग असते. त्याच वर्गणीतून थोडे पैसे उरले तर जिन्याला रंग काढला होता. पिवळा. ओला होता अजून, माझ्या शर्टाच्या बाहीला लागला. मी न राहवून विचारलं, "अरे, आता रंग कशाला?" तर तो म्हणाला, "मग दिवाळीला काय तसाच ठेवायचा?"

तो शर्ट धुतला, डाग गेला नाही. उद्या ऑफिसला तोच घालणार आहे.

चला, बारा वाजून गेले. तुमच्या घराची ओसी आहे का, एकदा फाईल काढून बघा आणि मला कळवा. बदलापूर, विरार, पनवेलवाल्यांनी पण. सकाळी ८:१२ आहे, झोपतो.